अकरा थेंब

दुपारी दोन वाजता कुणी माझ्या दाराची बेल वाजवली, तर मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालते. सकाळपासून सहा तास भूगोल शिकवून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून मी घरी येते, दोन घास खाते आणि आडवी होते. हैदराबादेत, बरकतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे. समोरच्या उमरीकरकाकांनाही ठाऊक आहे, पण नियम इतरांसाठी असतात आणि मापं आपल्यासाठी, अशी त्यांची समजूत आहे.

त्या दिवशी दार उघडलं तर काका दोन बोटं वर करून उभे. एका बोटाला हिरवा रंग, दुसऱ्याला दुसराच काहीतरी. बोटं ओली होती, म्हणून ती कुठे टेकू नयेत याची काळजी घेत त्यांनी बेल कोपरानं वाजवली होती.

‘‘बाई, खरं सांगा. ही अंबाडी आहे?’’

मी झोपेतून उठलेली. पण हिरवं बोट खरोखरच शिजवलेल्या अंबाडीच्या भाजीसारखं दिसत होतं. मी म्हणाले, आहे.

‘‘आणि ही चिंच?’’

‘‘चिंच कुठली? हा गाजरहलवा आहे, काका.’’

एरवी उमरीकरकाका कुणाचं बोलणं वाद घातल्याशिवाय ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी ते आपल्या बोटाकडे बघत बघतच घरात गेले. मी परत येऊन पडले, पण झोप गेली ती गेलीच.

दिगंबरराव उमरीकर हा माणूस रेल्वेच्या वर्कशॉपातून तपासनीस म्हणून निवृत्त झाला, असं कागदोपत्री आहे. प्रत्यक्षात ते अजून ड्यूटीवरच आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, व्हर्नियर कॅलिपर असतं. म्हणजे बारीक माप घ्यायचं, जबडा उघडल्यासारखं उघडणारं ते स्टीलचं हत्यार. त्यानं त्यांनी माझ्या दाराची फट मोजली आहे, गणपतीच्या मखराचे खांब मोजले आहेत आणि इराण्याच्या हॉटेलात बशीतली बिस्किटं मोजून मालकाला बोलावून घेतलं आहे. ‘‘हे दोन मिलिमीटर कम आहे. गलत. आणि गलत ते गलत.’’ मालकानं एक बिस्किट जास्तीचं दिलं. काकांनी ते खाल्लं नाही, कारण तेही कमी भरलं.

आमचा वॉचमन यादगिरी त्यांना ‘कोलत सार’ म्हणतो. तेलुगूत कोलत म्हणजे माप. काकांना हे नाव फार आवडतं. यादगिरीनं ते आवडावं म्हणून ठेवलेलं नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आणि हा माणूस बसत नाही. त्यांच्या घरी चार खुर्च्या आहेत, पण मी त्यांना एकीवरही टेकलेलं पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, फोन तर आमच्या दोन दारांमधल्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. त्या व्हरांड्याची लांबी त्यांना विचारा. ऐन जेवताना मध्येच उठून खिडकीची कडी तपासून येतात, असं कुसुमकाकू सांगतात. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. ‘‘बेचाळीस वर्षं झाली, मी नवऱ्याशी मान वर करूनच बोलायलीय,’’ असं त्या म्हणतात आणि मान वर करून हसतात.

असा माणूस तासन् तास एका जागी राहतो तो फक्त विमानापुढे. तेही उभाच, जेवणाच्या टेबलावर दोन पाट रचून त्यावर काम मांडून.

विमान म्हणजे प्लॅस्टिकचं, दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, हातभरसुद्धा नाही. सुटे भाग खोक्यातून येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि खऱ्यासारखे रंगवायचे. वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय, पोरांचा खेळ. तसं काकांसमोर म्हणू नका. लढाईच्या काळात इथल्या संस्थानानं इंग्रजांना विमानांसाठी मदत केली आणि विमानांच्या एका तुकडीला हैदराबादचं नाव मिळालं. काकांचे वडील तेव्हा संस्थानच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी ते विमान जन्मात पाहिलं नाही, पण ‘आपल्या गावचं विमान’ म्हणून मुलाला त्याच्या गोष्टी सांगत राहिले. मुलानं निवृत्त झाल्यावर ते गावचं विमान करायला घेतलं. पहिल्याचं शेपूट अर्धा मिलिमीटर वाकडं निघालं. दुसऱ्याच्या काचेला गोंद लागला. दोन्ही गलत ठरून माळ्यावर गेली. मी सांगतेय ते तिसरं.

विमानाचं सामान ते सुलतान बाजारात, बायकांच्या बांगड्या-टिकल्यांच्या एका दुकानात घेतात. नखं घासायच्या कानशी, डोळ्यांत लायनर लावायचे बारीक ब्रश, ते ब्रश धुवायला नेलपॉलिश काढायचं पाणी. एकदा मी बरोबर होते. दुकानदार अदबीनं म्हणाला, ‘‘अंकल, आंटी के वास्ते लाली भी दिखाऊं?’’ काका म्हणाले, ‘‘आंटी के वास्ते नक्को. ये सब हवाई जहाज के वास्ते होना.’’ दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी टिकल्या बघत असल्याचं दाखवलं.

या विमानाच्या पाठीवर तपकिरी आणि हिरव्या रंगाचे नागमोडी पट्टे असतात, वरून बघणाऱ्याला जमिनीचा भास व्हावा म्हणून. ते पट्टे आखायची पद्धत कुसुमकाकूंनी काढलेली. त्या कणीक घट्ट मळतात, हातावर तिच्या शेवयांसारख्या लांब वळ्या करतात आणि पंखावर वळणावळणानं मांडून देतात. काका वळीच्या अलीकडे रंग मारतात, वाळला की वळी उचलतात, कड अशी येते की बघत राहावं. एकदा कणीक रात्रभर पंखावर राहिली आणि सकाळी मुंग्यांनी विमान ताब्यात घेतलं. काका हातात ब्रश घेऊन एकेक मुंगी उतरवत होते आणि काकू शेजारी उभ्या राहून, आता ह्यांना हळद घाला, असं सुचवत होत्या.

रंगांची नावंही काकूंचीच. खोक्यावरचं चित्र बघून त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं: हिरवा तो अंबाडीचा, तपकिरी तो चिंचेच्या कोळाचा, आणि पोटाखालचा फिकट तो ताकाचा. दुकानातल्या तयार बाटल्या काकांच्या मते अर्थातच गलत. म्हणून वाटीत थेंब थेंब घालून रंग बनवायचा. काका थेंब घालणार, काकू ‘बस’ म्हणणार. हे सगळं मला माहीत होतं. काकू बस का म्हणतात, हे मात्र माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता पुन्हा बेल. पुन्हा बोट. आज जरा गॅलरीत उजेडात बघा, म्हणाले. उजेडात तो गाजरहलवा जास्तच तुपातला दिसला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, ‘‘काका, तुम्हाला स्वतःला दिसत नाही का?’’

‘‘नाही,’’ काका म्हणाले.

इतक्या सरळ उत्तराची माझी तयारी नव्हती. मी त्यांना आत घेतलं, बसा म्हटलं. ते उभेच राहिले आणि माझ्या हॉलमध्ये इकडून तिकडे फिरत बोलले.

त्यांना लहानपणापासून लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. ऐन विशीत इंजिन चालवायचं म्हणून अर्ज केला, तर तपासणीत रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढ्यात आलं. त्या ठिपक्यांत आकडे असतात म्हणे. ह्यांना नुसते ठिपके दिसले. इंजिन गेलं, मापांचं काम मिळालं. मापाला रंग नसतो. तेव्हापासून त्यांनी सगळं आयुष्य त्या हत्याराच्या जबड्यात धरलं. मुलगी बघायला गेले तेव्हा त्यांनी चहा येण्याआधीच मुलीला सांगून टाकलं, मला लाल-हिरवं कळत नाही. मुलगी म्हणाली, ‘‘मला कळतं.’’ लग्न तिथंच ठरलं. तेव्हापासून टोमॅटो पिकले का, शर्टावर कोणती पँट, सिग्नल सुटला का, हे सगळं खातं काकूंकडे. बेचाळीस वर्षांत शेजाऱ्यापाजाऱ्याला पत्ता लागला नाही.

‘‘दसऱ्याला डावा पंख केला,’’ काका म्हणाले, ‘‘तेव्हा चिंचेला लालचे चार थेंब लागले. वहीत लिहिलंय. मंग हिचे डोळे सुरू झाले.’’

काकूंच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बिल्डिंगला माहीत होता. इंजेक्शनं चालू होती. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू, असं डॉक्टर म्हणाले होते. समोर बघितलं की मधलं पुसल्यासारखं होतं, म्हणून काकू हल्ली मान वाकडी करून कडेनं बघायच्या. त्या स्वतःच ते हसत सांगायच्या. त्यांच्या साडीवर भलत्याच रंगाचं ब्लाऊज मीही दोनदा पाहिलं होतं, आणि घाईत असतील म्हणून सोडून दिलं होतं. घरात ते ज्यांना दिसायला हवं होतं, त्यांना ते दिसणंच शक्य नव्हतं.

‘‘आता उजवा पंख घेतला. मी चार घातले आणि थांबलो. ती म्हणते, अजून. पाच. अजून. सहा, सात. बाई, अकराव्या थेंबाला ती बस म्हणाली.’’

बायकोच्या डोळ्यांतून रंग चाललाय, हे ह्या माणसाला थेंब मोजून कळलं होतं.

मी शिक्षिका आहे. कुणी अडलं की मला उत्तर द्यायची घाई होते. मी म्हणाले, सोपं आहे, वहीत आकडा आहे ना, चार थेंबच घाला, त्यांना काय कळतंय. काकांनी ते आधीच करून पाहिलं होतं. गुपचूप चार थेंबांचा रंग करून त्यांनी वाटी पुढे धरली. काकूंनी मान वाकडी करून पाहिली आणि म्हणाल्या, ही तर राखुंडी आहे, लाल घालायचा विसरलात का?

मग मी म्हणाले, स्पष्ट सांगून टाका. मी सगळ्यांना सगळं स्पष्ट सांगते आणि त्यामुळे माझ्याकडे फार लोक येत नाहीत.

काका येरझाऱ्या थांबवून खिडकीशी उभे राहिले. ‘‘डोळे जायलेत, ते तिला माहीत आहे. ते ती सोसतेय. पण ह्या घरात आपलं काम काय, तर रंग सांगायचं, असं तिला वाटतं. तेही गेलं असं मी कोणत्या तोंडानं सांगू?’’

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला. दोन दारांमधल्या व्हरांड्यात त्यांच्या चपला सतत वाजत राहायच्या. संक्रांतीनंतर तारनाक्याला हौशी लोकांच्या कलाकुसरीचं प्रदर्शन होतं, दिवस थोडे राहिले होते आणि विमानाचा एक पंख कोरा होता. त्या प्रदर्शनात काकांची वेगळीच ख्याती आहे. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःचं काही मांडलं नव्हतं. टेबलाटेबलाशी जाऊन फक्त इतरांच्या चुका काढल्या होत्या. एका डॉक्टरसाहेबांनी तीन वर्षं खपून लाकडी जहाज केलं होतं. त्याचा दोर उलटा गुंडाळलाय, हे काकांनी अध्यक्षांच्या भाषणात उठून सांगितलं. तेव्हा ह्या वर्षी काका विमान आणणार म्हटल्यावर सगळी मंडळी भिंग घेऊन बसलेली होती. आणि काका गाजरहलव्याच्या रंगाचा पंख घेऊन तिथं जाणार? ज्या माणसानं कमी भरलं म्हणून बिस्किट सोडलं, तो? दुपारी आडवी झाले की मी पंख्याकडे बघत हाच विचार करायची, आणि तो माझा विषय नाही, हे स्वतःला बजावायची.

एका दुपारी बेल वाजली नाही, नुसती टकटक झाली. काका दारातच बोलले.

‘‘लई विचार केला, बाई. चार थेंबांचं विमान सगळ्या जगाला बरोबर दिसेल. मला चारही तेच, अकराही तेच. आमच्या घरात रंग बघणारं माणूस एकच आहे. जिला दिसतं तिच्यासाठी रंगवायचं.’’

‘‘आणि डावा पंख? तो चार थेंबांचा आहे.’’

‘‘तो घासून काढला. पाठही काढली. सगळं अकराचं करायलोय,’’ ते म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. ‘‘दोन पंख दोन रंगांचे? ते गलत आहे.’’

प्रदर्शनाला मीही गेले. काकूंना धरून न्यायला कुणीतरी हवं, असं कारण काकांनी दिलं. खरं म्हणजे त्यांना साक्षीदार हवा असावा. रिक्षात काकू खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि काका अर्धे बाहेर लोंबकळत रिक्षावाल्याला खड्ड्यांचं अंतर सांगत होते. टेबलावर विमान ठेवलं. काम काय होतं म्हणून सांगू! एकेक रेघ, एकेक खिळा, पंखांच्या नागमोडी कडा, सगळं जिथल्या तिथं. आणि रंग असा की लग्नाच्या पंक्तीत अंबाडीशेजारी गाजरहलवा वाढलेला.

माणसं जमली. येत होती, बघत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. काका टेबलामागं ह्या पायावरून त्या पायावर होत होते. काकू मात्र स्टुलावर ताठ बसल्या होत्या. मग गर्दीतून जहाजवाले डॉक्टरसाहेब आले. त्यांनी भिंग काढलं, सावकाश नाकापासून शेपटापर्यंत पाहिलं. ते एक वर्ष ह्या क्षणासाठी थांबले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

‘‘उमरीकर साब, ये ब्राऊन तो गलत है ना? और गलत वो गलत, ऐसा आपीच बोलते ना?’’

आजूबाजूला हसू फुटलं. काकांचा हात खिशातल्या कॅलिपरकडे गेला आणि परत आला. ते म्हणाले, ‘‘नै डॉक्टर साब. गिन के डाले. ग्यारा बूंद.’’

हे खोटं नव्हतं. पण त्यांचा आवाज त्यांचा नव्हता. डॉक्टर पुढे काही बोलणार, एवढ्यात कुसुमकाकूंनी आवाजाच्या दिशेला तोंड केलं, मान वाकडी केली आणि कडेच्या नजरेनं डॉक्टरांकडे बघत म्हणाल्या, ‘‘डॉक्टर साब, चष्मा बदलो आप. बराबर चिंच का रंग है. मैं खुद देख के बोली इनको.’’

लोक आता डॉक्टरांना हसले. डॉक्टर नाही हसले. ते काकूंच्या वाकड्या मानेकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण हा माणूस डॉक्टर होता आणि आता त्याच्या सगळं लक्षात आलं होतं. त्यांनी भिंग मिटून खिशात ठेवलं.

‘‘हौ भाभी,’’ ते म्हणाले, ‘‘बदलनाच पडेंगा.’’

आणि गर्दीला बाजूला करत आपल्या टेबलाकडे गेले. काकूंनी माझा हात चाचपून धरला. ‘‘बाई, तुम्ही सांगा. ह्यांना तर काय कळतं रंगातलं. जमलाय ना चिंचेचा?’’

‘‘जमलाय, काकू,’’ मी म्हणाले. स्पष्ट बोलण्याबद्दल मी प्रसिद्ध आहे, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बेल. मी जागीच होते. काकांची बोटं स्वच्छ होती. नवीन विमानाचं खोकं मागवलंय, म्हणाले, काकूंनीच सांगितलं, बसून काय करायचं म्हणून. मी विचारलं, ह्याला किती थेंब लागतील?

‘‘पंधरा. वीस. काय की,’’ ते म्हणाले. मग समोरचं आपलं दार लोटलेलं आहे ना, ते बघून आले आणि आवाज खाली आणला. ‘‘एक करा. दर वेळी मी बोट दाखवीन. तुम्ही मला खरं सांगत जा. तिला नका सांगू, मला सांगा.’’

‘‘खरं कळून काय करणार, काका? घालणार तर तेवढेच.’’

‘‘ती कुठवर गेलीय ते मला कळायला पाहिजे ना,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्याकडे ते मोजायला दुसरं काही नाही.’’

आणि हा जन्मभर उभा राहिलेला माणूस माझ्या दारातल्या चपलांच्या स्टुलावर बसला. दोन-तीन मिनिटं असेल. मग उठला, स्टुलाचा एक पाय आखूड असल्याचं सांगितलं आणि घरी गेला.

शनिवारी मला सुलतान बाजारात काम होतं. येताना लाल रंगाच्या दोन बाटल्या घेऊन आले.